सकाळच्या उन्हातली बुद्धमूर्ती आणि सीपीएल फिल्टर : कुठे उभं राहता त्यावर सगळं आहे

सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे आपला सीपीएल, लेन्सच्या पुढे लावून फिरवायचा, चकाकी कापणारा फिल्टर, याचे रिव्ह्यू ढिगाने पडलेत आणि जवळजवळ सगळ्यांत तेच ते, निळं आकाश, डोंगर, तळं, डावीकडे फिल्टरशिवाय आणि उजवीकडे फिल्टर लावून, बघा किती फरक पडला. मला तो फिल्टर वेगळ्याच कामासाठी हवा होता. विहारातली, उघड्यावरची किंवा मंडपातली बुद्धमूर्ती, पहाटे तांबडं फुटल्यापासून ऊन चढेपर्यंतच्या वेळात. या कामासाठी तो कसा आहे हे कुठेच धड लिहिलेलं सापडलं नाही म्हणून हा रिव्ह्यू. माझ्याकडचा ७७ मिमीचा, मल्टिकोटेड, मधल्या रेंजचा आहे. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण इथे जे सांगतेय ते कुठल्याही बऱ्यापैकी सीपीएलला लागू आहे, कंपनी बदलून प्रकाशाचे नियम बदलत नाहीत.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते, पाचपैकी साडेतीन. आणि हे साडेतीनसुद्धा सरासरी आहेत, काही जागी हा फिल्टर पाच घेतो आणि काही जागी सरळ शून्य, मूर्ती तीच, सकाळ तीच, फक्त तुम्ही दहा पावलं इकडे की तिकडे.

हे असं का होतं ते समजलं की पैसे वसूल, नाहीतर लोक फिल्टर लावतात, गोल गोल फिरवतात, काहीच दिसत नाही, मग दुकानदाराला शिव्या. तर बघा, एखाद्या गुळगुळीत पृष्ठभागावरून, म्हणजे काच, पाणी, लाखेचा थर, ओला दगड, पानं, यांच्यावरून जी चकाकी येते ती ठराविक कोनात पोलराइज झालेली असते, म्हणजे तिच्या लहरी एकाच दिशेत हलतात, आणि तेवढ्या दिशेचा प्रकाश फिल्टर फिरवून अडवता येतो. फ्रान्सच्या मालुसला हे १८०८ मध्ये खिडकीच्या काचांवरून येणारं मावळतीचं ऊन स्फटिकातून बघताना दिसलं, आणि पुढे १८१५ मध्ये ब्रूस्टरने कोनाचं गणित लावून दिलं. काचेसाठी हा कोन (पृष्ठभागावरच्या लंब रेषेपासून मोजलेला) साधारण ५६ अंश, पाण्यासाठी ५३. या कोनाच्या आसपास चकाकी जवळजवळ पूर्ण कापता येते, समोरून सरळ बघितलं तर अजिबात नाही. आता हेच मूर्तीच्या भाषेत सांगायचं तर सूर्य, मूर्ती आणि तुम्ही यांच्यात जो कोन होतो (येणारा आणि परतणारा असे दोन्ही कोन मिळून) तो नव्वद ते एकशेदहा अंशांच्या आसपास असेल तर फिल्टर जोरात चालतो. सूर्य बरोबर तुमच्या पाठीमागे असेल तर तो फिल्टर झोपलेला असतो, कितीही फिरवा.

आणि गंमत म्हणजे सकाळी आपण नेमके तसेच उभे राहतो! सिद्धार्थ बोधिवृक्षाखाली पूर्वेकडे तोंड करून बसला असं परंपरा सांगते, बोधगयेच्या महाबोधी विहाराचं दार पूर्वेलाच आहे आणि आतली मूर्तीही पूर्वेकडे बघते. अशा पूर्वाभिमुख मूर्तीवर कोवळं ऊन थेट चेहऱ्यावर येतं, आपण समोर उभे, सूर्य पाठीशी, मूर्तीमागे पश्चिमेचं आकाश. इथे सीपीएल चेहऱ्यावरची चकाकी कमी करत नाही, मागचं आकाशही गडद करत नाही, कारण आकाशातलं पोलरायझेशन सूर्यापासून नव्वद अंशांवर सगळ्यात जास्त आणि सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला जवळजवळ नसतंच. म्हणजे दोन्ही कामं शून्य, आणि वर दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश गेला तो वेगळाच. सकाळच्या समोरून घेतलेल्या फोटोसाठी हा फिल्टर लावणं म्हणजे घरात गॉगल घालून फिरणं.

आता तीच मूर्ती बाजूने घ्या. उत्तरेला किंवा दक्षिणेला सरका, चेहरा प्रोफाइलमध्ये, नाक, ओठ, लांब कानाची पाळी, डोक्यावरचा उष्णीषाचा उंचवटा हे सगळं कडेने. सूर्य आता बरोबर तुमच्या एका हाताला आहे. सकाळी सूर्य क्षितिजालगत असतो तेव्हा आकाशातला सगळ्यात पोलराइज झालेला पट्टा उत्तरेकडून डोक्यावरून दक्षिणेकडे असा कमानीसारखा जातो, आणि तुमच्या मूर्तीमागे नेमका तोच पट्टा येतो. फिल्टर फिरवला की आकाश खाली बसतं आणि सोनेरी कडा उठून येते. इथे मी डोळे झाकून पाच देईन. वाइड लेन्स लावली तर मात्र फजिती आहे, आकाश अर्धं गडद अर्धं फिकट दिसतं कारण तो पट्टा पूर्ण फ्रेम भरत नाही, ते नंतर सॉफ्टवेअरमध्ये नीट करणं म्हणजे डोकेदुखी. फुल फ्रेमवर ३५ मिमीच्या पुढे त्रास बराच कमी होतो, मी तर ८५ वरच वापरते जास्त.

सगळ्या मूर्ती पूर्वेकडे बघत नाहीत हेही लक्षात घ्या. चीन-जपानच्या जुन्या विहारांची मांडणी बरेचदा दक्षिणमुखी असते, जपानच्या नारा शहरातल्या तोदाय-जी विहाराचं मोठं दार नानदाइमोन म्हणजेच दक्षिणेचं महाद्वार. उघड्यावरची मूर्ती दक्षिणमुखी असेल तर सकाळचं ऊन तिच्या डाव्या गालावर येतं, म्हणजे समोरून बघणाऱ्या आपल्याला ते उजवीकडून, आणि मग समोरून घेतानाच तुमचा नव्वदचा कोन आपोआप जमून येतो, मागे उत्तरेचं आकाश तेही गडद होणारं. त्यामुळे जायच्या आधी मॅपवर मूर्तीचं तोंड कुठे आहे ते बघून घ्या, फिल्टर बॅगेत घ्यायचा की नाही ते तिथेच ठरतं. शिवाय हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे सरकून उगवतो आणि उन्हाळ्यात ईशान्येकडे, म्हणजे एकाच मूर्तीला एकाच जागेवरून डिसेंबरात आणि जूनमध्ये वेगळा निकाल येणार.

पुढचा प्रश्न, मूर्ती कशाची आहे. यावर खरं तर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

सोनं. सीपीएल लावला की सोन्याची चमक आटोक्यात येईल असं बऱ्याच जणांना वाटतं. नाही येत. धातूवरून उलटणारा प्रकाश काचेसारखा पोलराइज होत नाही, थोडाफार होतो, पण पूर्ण कापला जाईल असा कोन धातूला नसतोच. वर्ख लावलेल्या मूर्तीवर जर वरून वॉर्निश किंवा लाखेचा पारदर्शक थर असेल तर त्या थराची पांढरट झिलई निघते आणि खालचं सोनं जास्त पिवळं, जास्त खोल दिसतं, हा फायदा खरा आहे, पण सोन्याच्या हायलाइटला फिल्टर हात लावू शकत नाही. म्यानमारमधल्या मंडालेच्या महामुनी मूर्तीसारखं जिथे भाविक वर्षानुवर्षं वर्खावर वर्ख चढवत आलेत आणि अंग खडबडीत झालंय, तिथे प्रत्येक उंचवटा वेगळ्या दिशेला चमकतो, फिल्टर फिरवून काही ठिपके कमी-जास्त होतात एवढंच. सोन्यासाठी खरं औषध फिल्टर नाहीच, एक्स्पोजर आहे. सोनं निळा प्रकाश शोषतं, लाल-पिवळा परत फेकतं, त्यात सकाळचं ऊन मुळातच तांबूस, त्यामुळे लाल चॅनल सगळ्यात आधी उडतो, म्हणजे त्यातला तपशील जातो, आणि पांढरा हिस्टोग्राम (एकूण उजेडाचा आलेख) मात्र सगळं ठीक आहे म्हणत बसतो. आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा हिस्टोग्राम चालू करा, लाल बघून एक्स्पोजर खाली आणा, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) घ्या. एवढं केलं की सोन्याच्या मूर्तीसाठी सीपीएलची आठवणही येत नाही.

ब्राँझ हा मधला प्रकार. नवीन चकचकीत ब्राँझ सोन्यासारखंच वागतं. पण जपानमधल्या कामाकुराचा दाइबुत्सु, म्हणजे महाबुद्ध, बघा, १२५२ च्या सुमाराला काम सुरू झालेला, सव्वाअकरा मीटरच्या आसपास उंच, शतकानुशतकं उघड्यावर, त्याच्यावर जो हिरवट थर चढलाय तो धातू नाहीये, तांब्याची संयुगं आहेत ती. अशा थरावरची फिकट झिलई सीपीएल बऱ्यापैकी काढतो आणि हिरवा रंग दाट होतो. रात्री पाऊस पडून गेला असेल तर अजूनच.

दगडात कोरडा आणि ओला हे दोन वेगळे विषय आहेत. कोरडा वालुकाश्म, म्हणजे सारनाथच्या मूर्ती ज्या चुनारच्या दगडातल्या आहेत तशा पोताचा, मंद आणि एकसारखा प्रकाश पसरवणारा, त्यावर फिल्टरचा परिणाम नावापुरता. ग्रॅनाइट किंवा नाइस (gneiss) सारखा स्फटिकांचा दगड असेल, श्रीलंकेतल्या पोलोन्नरुवाच्या गल विहारात आहे तसा पट्ट्यापट्ट्यांचा, आणि त्यावर दव किंवा पावसाचं पाणी असेल तर मात्र कमाल होते, वरची पांढरी चकाकी गेली की आतले पट्टे अगदी शाईने काढल्यासारखे वर येतात. काळ्या लाखेच्या मूर्तीवरही तसंच, आणि मूर्तीच्या आजूबाजूला झाडं असतील, पिंपळ किंवा वड, तर पानांची पांढुरकी झाक जाऊन हिरवा रंग शांत होतो, मूर्ती आपोआप पुढे येते. हा पानांचा फायदा कुणी मोजत नाही पण माझ्या मते अर्धी किंमत तिथेच वसूल आहे.

पण थांबा, फिरवत फिरवत शेवटपर्यंत नेऊ नका. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चेहऱ्यावरची चकाकी पूर्ण काढली की चेहरा सपाट होतो. पापणीच्या कडेवरची बारीक रेघ, खालच्या ओठावरचा प्रकाशाचा ठिपका, गालाची गोलाई, हे सगळं चकाकीमुळेच कळतं, शिल्पकाराने दगड घासून गुळगुळीत केला तो त्याचसाठी. ती काढून टाकली तर उरतो फक्त रंग, आकार जातो. मी फिल्टर आधी पूर्ण परिणामापर्यंत फिरवते आणि मग साधारण अर्ध्यावर परत आणते, ओठावर उजेड परत दिसायला लागला की थांबते. भूमिस्पर्श मुद्रेत जमिनीकडे गेलेली बोटं असतात ना, त्यांच्याकडे पण बघा, बोटांच्या कडा गायब झाल्या तर समजा जास्त झालं. मिररलेस असेल तर स्क्रीनवर झूम करून बघता येतं.

आता प्रकाशाचा हिशेब. माझा फिल्टर दीड स्टॉप खातो, म्हणजे लेन्समध्ये जाणारा प्रकाश जवळजवळ एक तृतीयांश उरतो. दुपारी याचं काही वाटत नाही. पण झुंजुमुंजू असताना, सूर्य अजून क्षितिजाखाली, आयएसओ १६०० ला शटर कसंबसं १/३० मिळतंय, तिथे फिल्टर लावला की ते १/१० च्या आसपास जातं आणि हातात धरून काढणं संपलं. ट्रायपॉड लावा म्हणाल तर बऱ्याच विहारांत ट्रायपॉडला परवानगी नसते, किंवा आधी लेखी घ्यावी लागते, आणि परवानगी असली तरी लोक वंदनेला बसलेले असताना मधोमध तीन पाय पसरून उभं राहणं बरं दिसत नाही. अंधारात ऑटोफोकसही पुढे-मागे शोधत राहतो. आणि सूर्योदयाआधी मूर्तीवर जो प्रकाश असतो तो सगळ्या आकाशातून येणारा, सावलीच नसलेला, त्यात काढून टाकण्यासारखी चकाकी तरी किती असणार. म्हणून सूर्य वर येईपर्यंत फिल्टर खिशात. यावर वाद नाही.

रंगाचं बोलायचं तर माझा फिल्टर किंचित उबदार आहे, थोडी पिवळी झाक देतो. एरवी चालून जातं, सकाळी जास्त जाणवतं कारण ऊन आधीच तांबूस. क्षितिजालगतच्या उन्हाचं कलर टेंपरेचर दोन-तीन हजार केल्व्हिन असतं आणि सावलीतल्या बाजूला निळ्या आकाशाचा प्रकाश, तो सात-आठ हजाराच्याही वर, म्हणजे एकाच चेहऱ्याचा एक गाल केशरी आणि दुसरा निळसर. ऑटो व्हाइट बॅलन्स याची पार खिचडी करतो आणि ज्या सोनेरी उजेडासाठी आपण पहाटे उठलो तोच धुऊन टाकतो. डेलाइट, म्हणजे ५२००–५५०० ला लॉक करा, फिल्टरची झाक नंतर रॉमध्ये काढता येते. स्वस्तातले काही फिल्टर हिरवट झाक देतात, ती काढणं जास्त किचकट, विशेषतः सोन्यावर, कारण हिरवट सोनं पितळ दिसतं.

काचेमागची मूर्ती. लोक सीपीएल घेतात ते बरेचदा याचसाठी, आणि इथे निराशा जास्त. काचेसमोर सरळ उभं राहिलात तर तुमचं स्वतःचं प्रतिबिंब फिल्टरने जाणार नाही, वर लिहिलं तोच कोनाचा नियम. पंचावन्न अंश तिरकं उभं राहिलात तर प्रतिबिंब जाईल पण मूर्तीही तिरकी. तीस-चाळीसवर तडजोड होते. आणि पेटी टफन्ड काचेची किंवा ॲक्रिलिकची असेल आणि तिच्यावर सकाळचा आकाशाचा उजेड येत असेल तर फिल्टर लावल्यावर काचेवर ठिपके, पट्टे, इंद्रधनुषी डाग दिसायला लागतात! फिल्टर खराब नाहीये, काचेत तयार करतानाच ताण साठलेला असतो आणि पोलराइज प्रकाशात तो ताण रंगाने दिसतो. इंजिनियरिंगवाल्यांना हे माहीत असेल, फोटोइलॅस्टिसिटी. अशा पेटीसाठी सीपीएलपेक्षा मऊ रबरी हूड शंभर पट बरं, परवानगी असेल तर ते काचेला अलगद टेकवा, बाजूचा उजेड बंद, प्रतिबिंब बंद, एक स्टॉपही न गमावता. फ्लॅश वगैरे तर विषयच नको.

मूर्तीच्या मागून सूर्य उगवतोय, प्रभावळीसारखा, असा फोटो हवा असेल तर फिल्टर काढाच. लेन्सच्या पुढे आणखी दोन पृष्ठभाग वाढतात, मल्टिकोटिंग असलं तरी सूर्य थेट फ्रेममध्ये असताना कुठेतरी हिरवा नाहीतर जांभळा डाग उमटतो आणि तो नेमका चेहऱ्यावर येऊन बसतो. काही कोटिंगचा फायदा इतर वेळी आहे, पाणी आणि बोटांचे ठसे पटकन पुसले जातात. सकाळच्या दमट हवेत गार बॅगेतून काढलेल्या काचेवर बाष्प धरतं तेव्हा ते घासत बसू नका, आधी पाच-दहा मिनिटं बॅगेतच बाहेरच्या हवेला येऊ द्या.

बांधणीबद्दल थोडं. माझा स्लिम रिंगचा आहे. स्लिम घेतल्याने वाइडला कोपरे काळे होत नाहीत, पण काही स्लिम फिल्टरना पुढे आटेच नसतात, लेन्स कॅप बसत नाही, माझ्याला आटे आहेत पण इतके कमी की कॅप धक्क्याने पडते. फिरवायची रिंग गार सकाळीही जाम होत नाही, ही गोष्ट चांगली. लेन्सचं हूड लावलं की मात्र रिंगपर्यंत बोट पोचत नाही, काही हूडना खाली छोटी खिडकी असते तसं नसेल तर हूड काढा, फिरवा, परत लावा. जुन्या किट लेन्सचा पुढचा भाग फोकस करताना फिरतो, त्यांनी आधी फोकस, मग फिल्टर, हा क्रम पाळायचा. फिल्टर लेन्सवर घट्ट बसला तर जोर लावून पिळू नका, रिंग दबून अजून जाम होते, रबरी हातमोजा किंवा जाड रबर बँड गुंडाळून हलक्या हाताने फिरवला की सुटतो.

साइझ घेताना सगळ्यात मोठ्या लेन्सचा घ्या आणि लहान लेन्सना स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर लहान लेन्सवर बसवणारी) लावा, ५८ आणि ६७ मिमीला वेगळे फिल्टर घेण्यात अर्थ नाही. लिनियर पोलरायझर जुन्या सामानात स्वस्तात मिळतात, ते डीएसएलआरवर नको, आतल्या अर्धपारदर्शक आरशामुळे मीटरिंग आणि फोकस गडबडतो, सर्क्युलरमध्ये मागे क्वार्टर-वेव्ह थर असतो, सरळ पोलराइज प्रकाशाला गोल फिरता करणारा, तो याचसाठी. सेकंडहँड घेत असाल तर तिथल्या तिथे तपासायची युक्ती अशी, फिल्टरची कॅमेऱ्याकडची बाजू आरशाकडे करून डोळ्यासमोर धरा आणि त्यातून आरशातला फिल्टर बघा, तो काळा दिसला तर सर्क्युलर, पलटून धरल्यावर आरपार दिसायला हवा. लिनियर दोन्ही बाजूंनी आरपारच दिसतो. मग पांढऱ्या कागदावर ठेवून रंग बघा. फिल्टरच्या आतली फिल्म जुनी झाली, किंवा फिल्टर गाडीत उन्हात तापत राहिला असेल, तर मधे किंवा कडेने पिवळट-तपकिरी झाक येते, तसा दिसला तर कितीही स्वस्त असो, परत द्या.